पंतप्रधानांचं नाव तुमच्या मशीनवर का नसतं?

२०२४ च्या उन्हाळ्यात कोथरूडच्या चौकाचौकांत चर्चा एकच होती: मोदी पुन्हा येणार की नाही. १३ मे रोजी मतदान झालं, लोक मशीनसमोर उभे राहिले, तर तिथे ना मोदींचं नाव, ना राहुल गांधींचं. होती ती मुरलीधर मोहोळ, रवींद्र धंगेकर, वसंत मोरे ही नावं आणि खाली बरीच अनोळखी मंडळी. पहिल्यांदा मतदान करणारा माणूस इथे हमखास गोंधळतो. चाळिशी उलटलेले, पाच वेळा बोटाला शाई लावून घेतलेलेही गोंधळतात, फक्त बोलून दाखवत नाहीत. नागरिकशास्त्र शाळेत मार्कांपुरतं वाचलेलं असतं आणि आता विचारायचं तर कोणाला, अशी अडचण.

तर आधी मुद्द्याचं. लोकसभेच्या निवडणुकीत आपण पंतप्रधान निवडत नाही, आपल्या भागाचा खासदार निवडतो. देशाचे ५४३ मतदारसंघ केले आहेत आणि प्रत्येकातून एक खासदार दिल्लीला जातो. म्हणजे ज्याला आपण ‘देशाची निवडणूक’ म्हणतो त्या प्रत्यक्षात ५४३ स्वतंत्र लढती असतात. एका लढतीतली मतं दुसरीत मोजली जात नाहीत, एकीकडे उरलेली दुसरीकडे वळवता येत नाहीत. मोदींचं नाव वाराणसीच्या मशीनवर होतं, कारण ते तिथले उमेदवार होते. राहुल गांधींचं रायबरेली आणि वायनाडच्या. एवढी एक गोष्ट पक्की धरली की निवडणुकीतली निम्मी कोडी आपोआप सुटतात.

महाराष्ट्राच्या वाट्याला ४८ जागा आहेत, गोव्याच्या दोन, उत्तर प्रदेशच्या ८०. हे आकडे १९७१ च्या जनगणनेवरून ठरलेले आहेत. ५४३ पैकी ८४ जागा अनुसूचित जातींसाठी आणि ४७ अनुसूचित जमातींसाठी राखीव आहेत. आपल्याकडे सोलापूर, लातूर, अमरावती, रामटेक, शिर्डी या पहिल्या प्रकारातल्या. नंदुरबार, पालघर, दिंडोरी आणि गडचिरोली-चिमूर दुसऱ्या. राखीव म्हणजे उमेदवार त्या प्रवर्गातला हवा. मत मात्र तिथले सगळेच देतात.

महाराष्ट्रात लोकसभेचा एक मतदारसंघ म्हणजे विधानसभेचे सहा. पण या सीमा तुमच्या पत्त्याप्रमाणे चालत नाहीत. पुण्याचंच बघा. कोथरूड, शिवाजीनगर, कसबा, पर्वती, कॅन्टोन्मेंट आणि वडगाव शेरी एवढंच पुणे लोकसभेत. हडपसर शिरूरमध्ये जातं. पिंपरी आणि चिंचवड मावळमध्ये, पनवेल-उरणच्या सोबत. सिंहगड रस्त्यावर धायरीत राहणारा माणूस खडकवासला विधानसभेत येतो आणि खडकवासला बारामती लोकसभेत. त्यामुळे तो स्वतःला कितीही पुणेकर म्हणवत असला तरी त्याच्यासमोर नावं आली सुप्रिया सुळे आणि सुनेत्रा पवार यांची, आणि मतदानही कोथरूडच्या सहा दिवस आधी, ७ मे रोजी उरकलं. आपण नेमके कुठे मोडतो हे मतदार यादीत बघायचं, पिनकोडवरून अंदाज बांधायचा नाही.

आणखी एक घोळ इथेच मिटवू. नगरसेवक, जिल्हा परिषद, ग्रामपंचायत यांच्या निवडणुका भारत निवडणूक आयोग घेत नाही. त्यासाठी प्रत्येक राज्यात वेगळा राज्य निवडणूक आयोग असतो आणि नियमही थोडे वेगळे असतात. पुणे-नाशिकसारख्या शहरांत महापालिकेला एका प्रभागातून चार-चार नगरसेवक निवडायचे म्हणून चार वेळा बटण दाबावं लागतं. लोकसभेला एक माणूस, एक मत, एक बटण.

जिंकतो कोण?

ज्याला सर्वांत जास्त मतं, तो. निम्म्याहून अधिक हवीत अशी अट नाही. दहा उमेदवारांत मतं विभागली आणि एखाद्याला तीसच टक्के पडली, पण बाकीच्यांना त्याहून कमी, तर तो खासदार. उरलेल्या सत्तर टक्क्यांना तो नको होता, हे कायद्याच्या दृष्टीने गैरलागू.

किती मतांनी जिंकला यालाही अर्थ नाही. २०२४ मध्ये मुंबई उत्तर-पश्चिममध्ये शिवसेनेचे रवींद्र वायकर आणि शिवसेना (उबाठा)चे अमोल कीर्तिकर समोरासमोर होते. मशीनवरची मतं मोजून झाली तेव्हा कीर्तिकर ४,५१,०९५ आणि वायकर ४,५१,०९४. एका मताचा फरक. मग टपाली मतं मिळवली. त्यात वायकरांना १,५५० आणि कीर्तिकरांना १,५०१ मिळाली. वायकर ४८ मतांनी खासदार झाले. त्याच मतदारसंघात ‘नोटा’ला पंधरा हजारांवर मतं पडली होती. त्याच निवडणुकीत इंदूरचे विजयी उमेदवार ११ लाखांहून अधिक मतांनी आले. लोकसभेत दोघांचं मत सारखंच, एक.

यातून जी गंमत होते ती महाराष्ट्राने त्याच वर्षी पाहिली. महाविकास आघाडी आणि महायुती यांना राज्यभरात मिळालेल्या मतांत टक्काभराचाही फरक नव्हता. जागा मात्र आघाडीला ३० आणि महायुतीला १७, शिवाय सांगलीची एक अपक्ष विशाल पाटलांना. यात मोजणीचा दोष नाही. मतं राज्यभर मोजून जागा वाटल्या असत्या तर बरोबरी झाली असती, पण आपल्याकडे तसं वाटप होतच नाही. ४८ ठिकाणी ४८ निकाल लागतात. एका ठिकाणी दोन लाखांनी जिंकलात आणि दुसरीकडे दोन हजारांनी हरलात तर हिशेब एक-एक. म्हणून पक्षांना एकूण मतांइतकीच ती कुठे पडतात याचीही काळजी असते. म्हणूनच आघाड्या होतात, जागावाटपाची भांडणं अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत चालतात आणि ‘याने त्याची मतं खाल्ली’ हे वाक्य निकालानंतर आठवडाभर ऐकू येतं.

मतं खाण्याचे काही प्रकार तर भन्नाट आहेत. २०१४ मध्ये रायगडला सुनील तटकरे अनंत गीते यांच्याकडून २,११० मतांनी हरले. मशीनवर आणखी एक सुनील तटकरे होते, अपक्ष. त्यांना साडेनऊ हजारांहून जास्त मतं मिळाली. नामसाधर्म्याचा असा घोळ होऊ नये म्हणून २०१५ पासून मशीनवर उमेदवाराचा फोटोही लावायला सुरुवात झाली. मग चिन्हांची पाळी आली. २०२४ मध्ये शरद पवारांच्या पक्षाचं चिन्ह होतं तुतारी वाजवणारा माणूस आणि काही अपक्षांना मिळालं होतं तुतारीसारखंच दिसणारं वाद्य, जे नंतर ‘पिपाणी’ म्हणून गाजलं. साताऱ्यात उदयनराजे भोसले ३२,७७१ मतांनी जिंकले आणि पिपाणीवाल्या अपक्षाला ३७ हजारांवर मतं पडली. दिंडोरीत तर पिपाणीने लाखाचा टप्पा ओलांडला. ती सगळी मतं चुकूनच पडली असं छातीठोक सांगता येणार नाही, पण त्याच वर्षी विधानसभेआधी पवारांच्या पक्षाने ते चिन्ह गोठवा अशी मागणी आयोगाकडे केली, यातून काय ते समजा. आयोगाने पिपाणी गोठवली नाही, तुतारीवाल्या माणसाचं चित्र तेवढं ठळक केलं.

यातून घेण्यासारखी एक गोष्ट. मशीनवरचा नावांचा क्रम ठरलेला असतो. आधी मान्यताप्राप्त राष्ट्रीय आणि राज्य पक्षांचे उमेदवार, मग नोंदणी झालेले पण मान्यता नसलेले पक्ष, मग अपक्ष. प्रत्येक गटात नावं वर्णानुक्रमे. शेवटी ‘नोटा’. तेव्हा तुमचा उमेदवार मोठ्या पक्षाचा असेल तर तो वरच्या नावांतच सापडेल. खाली तसंच नाव किंवा तसंच चिन्ह दिसलं तर थांबा आणि फोटो बघा.

‘नोटा’बद्दल लोकांच्या फार मोठ्या अपेक्षा असतात. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०१३ पासून हे बटण आलं. ‘यांपैकी कोणीही नको’ हे गुप्तपणे नोंदवता यावं एवढाच त्याचा उपयोग. २०२४ मध्ये इंदूरला काँग्रेसच्या उमेदवाराने अर्जच मागे घेतला, तेव्हा पक्षाने मतदारांना नोटा दाबायला सांगितलं आणि २,१८,६७४ लोकांनी तो दाबला. निकालावर परिणाम शून्य. लोकसभेला नोटा पहिल्या क्रमांकावर आला तरी त्याच्या खालचा उमेदवार जिंकतो. (महाराष्ट्रातल्या स्थानिक निवडणुकांत मात्र नोटा पहिला आला तर फेरनिवडणूक घ्यायची, असा आदेश राज्य आयोगाने २०१८ मध्ये काढला. वेगळा आयोग, वेगळा नियम.) माझं मत विचाराल तर नोटा म्हणजे निषेधपत्र, तेही सहीशिवायचं. ज्याला ते पाठवायचं आहे त्याने जरूर पाठवावं, पण त्याने कोणी पडेल असं समजू नये.

आणि लढत झालीच नाही तर? सुरतमध्ये २०२४ ला काँग्रेसच्या उमेदवाराचा अर्ज बाद झाला, कारण सूचकांनी, म्हणजे उमेदवाराचं नाव सुचवून अर्जावर सही करणाऱ्यांनी, ‘या सह्या आमच्या नाहीत’ असं सांगितलं. बाकीच्यांनी माघार घेतली. भाजपचे मुकेश दलाल बिनविरोध निवडून आले आणि सुरतच्या मतदारांना मतदान करायची वेळच आली नाही.

अर्ज भरण्यापासून प्रचार थांबेपर्यंत

निवडणूक आयोग पत्रकार परिषद घेऊन तारखा सांगतो त्याच क्षणी आचारसंहिता लागू होते. २०२४ ला हा दिवस १६ मार्च होता आणि निकाल लागला ४ जूनला. तेवढा काळ सरकार नव्या योजना जाहीर करू शकत नाही, भूमिपूजनं थांबतात, मंत्र्यांना सरकारी गाडी प्रचाराला वापरता येत नाही. आचारसंहिता हा संसदेने केलेला कायदा नाही, पक्षांच्या सहमतीतून आलेले नियम आहेत. तिचा धाक किती हे बऱ्याच अंशी आयोग किती कडक वागतो यावर असतं. १९९० च्या दशकात टी. एन. शेषन मुख्य निवडणूक आयुक्त होते तेव्हा भिंती रंगवणारे आणि रात्री उशिरापर्यंत भोंगे लावणारे एकदम सरळ झाले होते, हे त्या काळातले लोक अजून सांगतात.

देशभर एकाच दिवशी मतदान का होत नाही? बंदोबस्त हे त्याचं मुख्य कारण. केंद्रीय दलांच्या त्याच तुकड्या एका राज्यातून दुसऱ्या राज्यात हलवल्या जातात. २०२४ ला सात टप्पे होते, त्यातल्या पहिल्या पाचांत महाराष्ट्र विभागला होता. साधारण ९७ कोटी मतदार आणि साडेदहा लाख मतदान केंद्रं, त्यातली काही नर्मदेच्या काठी नंदुरबारच्या अशा गावांत, जिथे कर्मचाऱ्यांना मशीन घेऊन बोटीने जावं लागतं.

प्रत्येक टप्प्याची अधिसूचना निघाली की गणित ठरलेलं. सात दिवस अर्ज भरायला, दुसऱ्या दिवशी छाननी, त्यानंतर दोन दिवसांत माघार, आणि माघारीनंतर मतदानापर्यंत किमान दोन आठवडे. सगळे अर्ज निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे जातात. बहुतेक ठिकाणी हे काम जिल्हाधिकारी बघतात. बातम्यांत ज्याच्यावरून रात्रभर रडारड चालते तो ‘एबी फॉर्म’ म्हणजे ‘हा आमचा अधिकृत उमेदवार, याला आमचं चिन्ह द्या’ असं पक्षाने लिहून दिलेलं पत्र. तो वेळेत पोचला नाही तर पक्षाचा माणूस असूनही चिन्ह मिळत नाही.

उमेदवाराचं वय किमान २५ हवं आणि तो देशात कुठेही मतदार असला तरी चालतं. ज्या भागातून लढायचं तिथेच राहत असला पाहिजे असं नाही. अनामत रक्कम २५ हजार, अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवाराला साडेबारा हजार. एकूण वैध मतांच्या एक षष्ठांश तरी पडली नाहीत तर अनामत जप्त. पूर्वी ही रक्कम अवघी पाचशे रुपये होती. १९९६ ला बेळगावात सीमाप्रश्नाकडे लक्ष वेधायला मराठी भाषकांनी इतके अर्ज भरले की एका जागेला ४५६ उमेदवार झाले. तेलंगणातल्या नलगोंडात ४८०. त्याच वर्षी कायदा बदलून अनामत दहा हजार केली, पुढे पंचवीस. तरी हट्टी लोक थांबत नाहीत. हळदीला भाव आणि हळद मंडळ हवं म्हणून २०१९ ला निजामाबादच्या शेतकऱ्यांनी अर्ज भरले आणि एकूण उमेदवार झाले १८५. एका बटणपेटीवर सोळा नावं मावतात, त्यामुळे प्रत्येक केंद्रात बारा पेट्या ओळीने मांडाव्या लागल्या होत्या.

अर्जासोबत उमेदवाराला एक प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. त्याच्यावरचे गुन्हे, त्याची आणि कुटुंबाची मालमत्ता, कर्ज, शिक्षण, सगळं त्यात असतं. आयोगाच्या वेबसाइटवर ते कोणालाही उघडून वाचता येतं. राजकारणातलं काहीच कळत नाही असं वाटणाऱ्याने सुरुवात तिथून करावी. दहा भाषणं ऐकून जे कळत नाही ते या वीस-पंचवीस पानांतून कळतं: शेती किती, सोनं किती, गाडी कोणाच्या नावावर, पाच वर्षांपूर्वीच्या प्रतिज्ञापत्रात हेच आकडे काय होते. गुन्ह्यांचा रकाना वाचताना मात्र थोडं तारतम्य ठेवा. रास्ता रोकोचा गुन्हा आणि खंडणीचा गुन्हा यादीत शेजारी-शेजारी दिसतात.

खर्चाची मर्यादा महाराष्ट्रात उमेदवारामागे ९५ लाख, गोव्यात ७५ लाख. रोजच्या खर्चाची वही ठेवायची, ती तपासली जाते. पण पक्षाने स्वतः केलेल्या खर्चाला कमाल मर्यादा नाही. ही फट केवढी मोठी आहे, हे प्रचाराच्या दिवसांत आकाशाकडे आणि रस्त्याकडे बघितलं की दिसतं.

मतदान संपायच्या ४८ तास आधी जाहीर प्रचार थांबतो. एक्झिट पोल मात्र शेवटच्या टप्प्याचं मतदान होईपर्यंत कुठेच दाखवता येत नाहीत, नाहीतर पहिल्या टप्प्याचा कल बघून लोक सातव्यात मत ठरवतील.

खोलीच्या आत

मतदान केंद्र म्हणजे बहुधा शाळेचा वर्ग. आतले कर्मचारी शिक्षक, तलाठी, जिल्हा परिषदेचे किंवा बँकेचे लोक. त्यांचा प्रमुख केंद्राध्यक्ष, हाताखाली तीन मतदान अधिकारी. शिवाय एका बाजूला पक्षांचे पोलिंग एजंट, हातात मतदार याद्या घेऊन. बटणं दाबायच्या कितीतरी आधी, मतदान सुरू होण्याच्या सुमारे दीड तास अगोदर, एजंटांसमोर किमान पन्नास चाचणी मतं टाकून मशीन तपासतात, ती पुसतात आणि मशीनला सील लावतात. एजंट सीलवर सह्या करतात.

तुम्ही आत गेलात की पहिला अधिकारी यादीत तुमचं नाव शोधून ते मोठ्याने वाचतो. ते तुमच्यासाठी नसतं, एजंटांसाठी असतं, म्हणजे हा माणूस तोच का यावर कोणाला हरकत घ्यायची असेल तर घेता येते. दुसरा डाव्या हाताच्या तर्जनीला शाई लावतो, रजिस्टरवर सही घेतो आणि चिठ्ठी देतो. तिसरा चिठ्ठी घेऊन त्याच्यासमोरच्या यंत्राचं बटण दाबतो. त्यानंतरच पुठ्ठ्याच्या आडोशामागची तुमची मशीन जागी होते. आवडत्या नावासमोरचं निळं बटण दाबलं की लाल दिवा लागतो, शेजारच्या व्हीव्हीपॅटच्या काचेमागे चिठ्ठी दिसते, तीवर उमेदवाराचा क्रमांक, नाव आणि चिन्ह. सात सेकंद. मग ती कापून खालच्या पेटीत पडते आणि लांब बीप वाजतो. या सात सेकंदांत बहुतेक लोक दाराकडे वळलेले असतात. वळू नका, चिठ्ठी वाचा. दुसऱ्याच नावाची चिठ्ठी पडली असं वाटलं तर केंद्राध्यक्षाला तिथल्या तिथे सांगता येतं. लेखी घेऊन, एजंटांसमोर चाचणी मत टाकायला लावतात. तक्रार खोटी निघाली तर मात्र गुन्हा दाखल होतो.

मोबाइल घेऊन आत जाता येत नाही. मतदार ओळखपत्र नसेल तर आधार, पॅन, पासपोर्ट, वाहन परवाना, फोटो असलेलं पासबुक असं काहीही चालतं. पण खिशात ओळखपत्र आहे आणि यादीत नाव नाही, तर मत देता येत नाही. दर निवडणुकीत केंद्राबाहेर सर्वांत जास्त वादावादी यावरूनच होते. अधिकार यादीतल्या नावामुळे मिळतो, कार्डामुळे नाही. घर बदललं, लग्न झालं, इमारत पुनर्विकासाला गेली, की नाव इकडचं तिकडे होतं किंवा गळतं. तेव्हा तारखा जाहीर होण्याची वाट न बघता यादी तपासावी. नवं नाव फॉर्म ६ ने, दुरुस्ती आणि पत्ताबदल फॉर्म ८ ने. १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर यांपैकी ज्या तारखेला अठरा पूर्ण होतात, त्या तारखेच्या हिशेबाने नोंदणी होते. उमेदवारी अर्जांची मुदत संपली की यादी गोठते, मग खासदाराची ओळख असली तरी नाव घालता येत नाही.

दुबई-लंडनमध्ये असलेले आणि भारताचा पासपोर्ट टिकवलेले लोक फॉर्म ६ए भरून आपल्या मूळ गावच्या यादीत येऊ शकतात, पण मत द्यायला स्वतः इथे यावं लागतं. दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलेल्यांना ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं) असलं तरी मत नाही.

तुम्ही पोचलात आणि तुमच्या नावावर आधीच कोणीतरी मत देऊन गेलंय असं कळलं तर? मुकाट परत फिरू नका. ओळख पटवून दिलीत तर केंद्राध्यक्ष तुम्हाला छापील मतपत्रिका देतो. याला टेंडर व्होट म्हणतात. ती मशीनच्या मतांत मिळवत नाहीत, वेगळ्या पाकिटात जाते, पण प्रकरण कोर्टात गेलं तर तोच पुरावा असतो.

मशीनवर विश्वास ठेवायचा का, हा प्रश्न कोणाही नवख्याच्या मनात येतोच आणि यायलाही हवा. एका माणसाला सगळं तपासता येत नाही, पण साखळी कशी आहे ते बघता येतं. मतदान संपलं की केंद्राध्यक्ष फॉर्म १७सी भरतो: या केंद्रावर एकूण किती मतं पडली. त्याची प्रत एजंटांना मिळते. मशीन सील होऊन स्ट्राँगरूममध्ये जाते. मोजणीच्या दिवशी त्याच मशीनचा आकडा १७सीशी जुळवतात. शिवाय प्रत्येक विधानसभा भागातली पाच केंद्रं चिठ्ठ्या टाकून निवडतात आणि तिथल्या व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या हाताने मोजतात, म्हणजे महाराष्ट्रातल्या एका लोकसभा जागेला तीस केंद्रं. सगळ्याच चिठ्ठ्या मोजा ही मागणी सर्वोच्च न्यायालयाने २६ एप्रिल २०२४ रोजी फेटाळली. मला या साखळीत यंत्रापेक्षा माणूस जास्त महत्त्वाचा वाटतो. १७सीची प्रत हातात घेऊन मोजणीच्या टेबलाशी बसलेला एजंट प्रत्येक पक्षाकडे प्रत्येक केंद्रासाठी असेलच असं नाही. ‘बूथ मजबूत करा’ असं नेते सारखं सांगतात त्यात हेही येतं.

मोजणी सकाळी आठला टपाली मतांपासून सुरू होते. मग बहुधा चौदा टेबलांवर एकेका केंद्राची मशीन उघडतात; चौदा मशीन झाल्या की एक फेरी. टीव्हीवर ‘पाचव्या फेरीअखेर आघाडीवर’ म्हणतात ते हेच. सुरुवातीच्या फेऱ्यांत एकाच बाजूची गावं किंवा पेठा आलेल्या असू शकतात, म्हणून सकाळी दहाच्या आघाडीवर पेढे वाटायची घाई करू नये. निकालावर आक्षेप असेल तर ४५ दिवसांच्या आत उच्च न्यायालयात निवडणूक याचिका करता येते.

मग पंतप्रधान कोण करतं?

५४३ खासदार निवडून आले की बहुमताचा आकडा होतो २७२. तेवढ्यांचा पाठिंबा ज्याला आहे असं राष्ट्रपतींना दिसतं, त्याला ते पंतप्रधान म्हणून शपथ देतात. २०२४ मध्ये भाजपला २४० जागा मिळाल्या, म्हणजे एकट्याच्या बळावर बहुमत नाही. तेलुगू देसम, संयुक्त जनता दल आणि इतर मिळून रालोआचे (राष्ट्रीय लोकशाही आघाडीचे) २९३ झाले तेव्हा सरकार आलं. पंतप्रधान लोकसभेतलाच हवा असंही नाही. मनमोहन सिंग दहा वर्षं पंतप्रधान होते ते राज्यसभेचे खासदार म्हणून, आणि राज्यसभा आपण निवडत नाही, राज्यांतले आमदार निवडतात.

सरकार पाच वर्षं टिकेल याचीही हमी नाही. एप्रिल १९९९ मध्ये वाजपेयींच्या बाजूने २६९ मतं पडली, विरोधात २७०, आणि सरकार गेलं. खासदाराने पक्षाचा व्हिप, म्हणजे सभागृहात मत कसं द्यायचं याचा आदेश, मोडून उलट मत दिलं तर १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्याने त्याची खासदारकी जाऊ शकते. मात्र पक्षच फुटला आणि मूळ पक्ष आमचाच असं दोन्ही गट म्हणू लागले तर काय होतं, ते महाराष्ट्राने २०२२ आणि २०२३ मध्ये शिवसेना आणि राष्ट्रवादीच्या निमित्ताने पाहिलं. नाव आणि चिन्ह कोणाचं हे तेव्हा आयोगाने ठरवलं.

मधेच जागा रिकामी झाली तर पोटनिवडणूक, साधारण सहा महिन्यांच्या आत. राहुल गांधी दोन्हीकडे जिंकले आणि वायनाड सोडलं, तेव्हा तिथे पुन्हा मतदान झालं. नांदेडचे काँग्रेस खासदार वसंत चव्हाण ऑगस्ट २०२४ मध्ये वारले. तिथली पोटनिवडणूक २० नोव्हेंबरला, नेमकी विधानसभेच्या दिवशीच आली. त्याच खोलीत, त्याच रांगेतून आलेल्या मतदारांनी दोन मशीनवर दोन बटणं दाबली. विधानसभेच्या सहाही जागा महायुतीने जिंकल्या आणि लोकसभेवर काँग्रेसचे रवींद्र चव्हाण १,४५७ मतांनी निवडून आले.